पीळ

आमच्या गल्लीत गाडी रोज हलवावी लागते. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या गंजून एकमेकींसारख्याच दिसायला लागल्यात, पण क्रेनवाल्यांना त्या बरोबर वाचता येतात. त्या दिवशी कॉलेजातून यायला उशीर झाला, पाऊस नुकताच थांबलेला, आणि समोरच्या बाजूला एकच फट उरलेली: मागे कुणाची तरी टोलेजंग पांढरी गाडी, पुढे दुधाचा टेम्पो. मधे पंधराएक फूट असतील. अण्णांची जुनी मारुती एट हंड्रेड अकरा फुटांची, म्हणजे जागा होती. पण गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, काचेवर वाफ धरलेली, आणि मागून एक रिक्षावाला हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नव्हता. पुढे, मागे, पुढे, मागे. क्लचचा जळका वास यायला लागला. सात-आठ खेपांनंतर एकदाची गाडी पदपथाला लागली. उतरले, तर पायरीवर शेजारचा चौथीतला पोरगा शेंगदाण्याची पुडी घेऊन बसला होता. सगळा खेळ त्याने पाहिला होता.

“काकू, गाडी आडवी चालत नाही ना?”

“नाही रे.”

“मग आत्ता आडवी कशी गेली?”

मी म्हटलं, पुढेमागे करून. त्याने एक शेंगदाणा तोंडात टाकला, जरा विचार केला आणि म्हणाला, “पण जेवढी पुढे गेली तेवढीच मागे आली की.”

एवढं बोलून तो वर पळाला, बहुधा आईने हाक मारली म्हणून. मी किल्ली हातात घेऊन तिथेच उभी राहिले. या प्रश्नाचं उत्तर मला येतं. आयुष्यातली चार वर्षं मी त्याच उत्तराच्या आसपास घालवली आहेत, आणि त्यातल्या एका प्रकरणाने माझी पीएच.डी. बुडवली. पण शेंगदाणे संपायच्या आत सांगता येईल असं काही सुचलं नाही. रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजताना, मच्छरदाणी खोचताना, तेच डोक्यात. जेवढी पुढे गेली तेवढीच मागे आली. बरोबर आहे की त्याचं. हिशेब शून्य यायला हवा. येत नाही.

गाडी कुठे आहे हे पूर्ण सांगायला चार आकडे लागतात. रस्त्यावरची जागा सांगायला दोन, गाडीचं तोंड कुठे आहे त्याचा कोन तिसरा, आणि पुढची चाकं किती वळलेली आहेत तो चौथा. म्हणजे पार्किंग करणारा माणूस रस्त्यावर नसतोच, तो एका चार मितींच्या जागेत असतो. त्याला ते माहीत नसतं इतकंच. त्या चार मितींपैकी ड्रायव्हरच्या हातात दोनच असतात: स्टेअरिंग आणि गाडी पुढेमागे नेणं. उरलेल्या दोन दिशा बंद. गाडी जागच्या जागी गोल फिरत नाही आणि आडवी सरकत नाही. प्रत्येक ठिकाणी दिशांची अशी वाटणी झालेली: या दोन तुझ्या, त्या दोन तुझ्या नाहीत. प्रिन्स्टनच्या एडवर्ड नेल्सनने १९६७ च्या सुमारास विद्यार्थ्यांना शिकवताना हेच गाडीचं उदाहरण घेतलं होतं. स्टेअरिंग डावीकडे फिरवा, गाडी पुढे घ्या, स्टेअरिंग तेवढंच उजवीकडे आणा, गाडी तेवढीच मागे घ्या. दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही परत फेडल्या. तरी गाडीचं तोंड थोडं डावीकडे वळलेलं राहतं. कारण पुढे जाताना चाकं वळलेली होती, मागे येताना सरळ. बंद दिशांपैकी एक अशी फटीतून उघडली. आता हेच तोंड वळवणं आणि गाडी पुढेमागे करणं, या दोघांची पुन्हा तशीच आलटापालट केली की दुसरी बंद दिशा उघडते, आणि गाडी आडवी सरकते. अगदी थोडी. स्टेअरिंग पूर्ण फिरवूनसुद्धा पुढेमागे करायला जागा निम्मी मिळाली, तर तेवढंच आडवं सरकायला खेपा साधारण चौपट लागतात. रिक्षावाल्याला हे कुणी समजावून सांगावं!

मोजदाद शून्य, पण क्रम बदलला की काहीतरी उरतं. हे जे उरतं, त्याला गणितात ब्रॅकेट म्हणतात. नाव अगदीच कोरडं आहे. मला ते नेहमी हिशेबाच्या वहीतल्या शिलकीसारखं वाटत आलंय.

सरांनी एम.एस्सी.ला पहिल्यांदा हा विषय काढला, तेव्हा फळ्यावर एक बटाट्यासारखा आकार काढला होता. (सगळे मॅनिफोल्ड, म्हणजे भूमितीतल्या वाकड्या-सपाट जागा, फळ्यावर बटाटेच असतात.) बटाट्याच्या प्रत्येक बिंदूवर एक स्पर्शप्रतल, म्हणजे तिथून ज्या ज्या दिशांना निघता येईल त्या सगळ्या दिशा. या सगळ्या प्रतलांची मोळी म्हणजे टॅन्जन्ट बंडल. आणि मग सर म्हणाले, आता समजा प्रत्येक प्रतल दोन हिश्श्यांत वाटलेलं आहे. ‘स्प्लिट’ असा शब्द त्यांनी वापरला असणार, पण माझ्या वहीत त्या दिवशी मराठीत ‘वाटणी’ असं लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरात, आणि शब्दाभोवती दोनदा पेन फिरवलेलं. आमच्या घरात तो शब्द त्याच सुमारास रोज उच्चारला जात होता.

खटाव तालुक्यातलं आमचं घर. अण्णा आणि तात्या, दोघे सख्खे भाऊ. आजी असेपर्यंत एक चूल होती. आजी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मोजणीदार आला. शेताची वाटणी तशी सोपी झाली, सातबारे वेगळे झाले, मधे बांध पडला. घराची अवघड. भिंत ओसरीतून सरळ निघाली, माजघराचे दोन तुकडे करून परड्यात पोचली आणि तुळशीवृंदावनापाशी अडली. वृंदावन पाडायचं कुणाच्याच मनाला येईना. गवंड्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि भिंतीला तिथे वळण दिलं. देवघर तात्यांकडे गेलं, पण देवांचे टाक सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. विहीर सामाईक, तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस त्यांची, आणि सातव्या दिवसावरून भांडण. मी सुट्टीत गेले की सवयीने सैपाकघरातून देवघराकडे निघायची आणि ओल्या गिलाव्यावर हात टेकायचा. थंडगार, चुन्याचा वास येणारा. पलीकडून काकूच्या बांगड्या वाजायच्या.

तर वाटणी. प्रत्येक बिंदूवर वाटणी करता येणं ही सुद्धा काही फुकट मिळणारी गोष्ट नाही. गोलाच्या पृष्ठभागावर ती होतच नाही. चेंडूवर प्रत्येक बिंदूला एक रेघ आखायची, आणि रेघेची दिशा कुठेही अचानक तुटता कामा नये, असं म्हटलं तर ते अशक्य आहे. कुठेतरी भोवरा पडतोच. डोक्यावरच्या केसांना भोवरा असतो तो काही थेट याच कारणाने नव्हे, डोकं म्हणजे पूर्ण चेंडू नाही, पण आजीच्या ‘दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं’ या शास्त्राची आठवण मला पॉइंकारेचं प्रमेय वाचताना झालीच. त्या प्रमेयातही गोलावरच्या भोवऱ्यांची बेरीज दोनच भरते. बांगडीवर मात्र वाटणी सुरेख होते: एक दिशा मनगटाभोवती फिरणारी, दुसरी बांगडीच्या जाडीभोवती. आणि इथेच एक गंमत आहे. सपाट चौकोनी कागदाच्या समोरासमोरच्या कडा मनातल्या मनात चिकटवून जी बांगडी होते, तिच्यावर थोडी तिरकी रेघ धरून दोरा गुंडाळायला घेतला आणि त्या रेघेचा चढ अपरिमेय संख्येचा असला, तर दोरा कधीच सुरुवातीला येऊन मिळत नाही. फिरत राहतो, फिरत राहतो, आणि शेवटी बांगडीची अशी जागा उरत नाही की जिच्या अगदी शेजारून तो गेलेला नाही. प्रत्येक बिंदूवर वाटणी निर्मळ आहे, काटकोनात आहे, कुणाची तक्रार नाही. तरी एकाचा हिस्सा कुठे संपतो हे विचारलं, तर तो सगळीकडेच आहे.

अण्णांना मी हे एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. ते म्हणाले, तात्याचं असंच आहे.

पण मूळ मुद्दा कनेक्शनचा. सपाट जमिनीवर एखादी काठी हातात आडवी धरून चालत गेलं, की ‘दिशा तीच आहे’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वाकड्या जागेत ते सांगावं लागतं. इथली दिशा आणि तिथली दिशा यांची तुलना कशी करायची याचा नियम लागतो. तो नियम म्हणजे कनेक्शन. १९१७ साली पादुआत तुल्लिओ लेवी-चिविता यांनी त्यातला सर्वांत देखणा नियम चित्रासकट समोर ठेवला. लांबी आणि कोन जपणारा, पीळ अजिबात न येऊ देणारा, आणि दिलेल्या मोजमापासाठी असा एकच. (त्याच माणसाला १९३८ मध्ये ज्यू म्हणून रोमच्या विद्यापीठातून काढलं, आणि १९४१ मध्ये तो गेला. सर हे सांगताना खडू खाली ठेवायचे.) हा नियम पाळून एक फेरी मारून परत आलं, की हातातली काठी निघतानाच्या दिशेत नसते. जेवढी फिरली तेवढी आतल्या जागेची वक्रता. पुण्यात हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर आयुकात, त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, जावं. तिथे फुकोचा लंबक आहे. फुकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगला होता; तिथे झोक्याची रेघ पूर्ण फिरायला ३२ तासांच्या आसपास लागतात. पुणं विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून इथे सुमारे ७५ तास. दिवसाला साधारण ११५ अंश. म्हणजे पृथ्वीबरोबर एक गिरकी घेऊन आपण जिथल्या तिथे परत येतो, कालच्याच वेळेला, कालच्याच फरशीवर उभे असतो आणि लंबक म्हणतो, नाही, तसं नाही. आम्ही मैत्रिणी एका रविवारी तिथे बराच वेळ नुसत्या बसलो होतो. बाहेर कोकीळ ओरडत होता. लंबक फिरताना कुणालाच दिसला नाही, फक्त अर्ध्या तासाने रेघ दुसरीकडे होती.

आता वाटणी आणि हा नियम एकत्र आणले की गडबड सुरू होते. लेवी-चिवितांच्या नियमाला तुमची वाटणी माहीतच नाही. पहिल्या हिश्श्यातली काठी घेऊन चालायला लागा, चार पावलांनी ती जराशी दुसऱ्या हिश्श्यात झुकलेली असते. गळती. ती गळती कुठेच नसेल, म्हणजे नियम दोन्ही हिस्से तंतोतंत जपत असेल, तर जागा त्या त्या ठिकाणी सरळ दोन जागांचा गुणाकार असते, ताणा आणि बाणा. आणि जागा पूर्ण असेल, तिच्यात भोक नसेल, तर नुसती तुकड्यातुकड्याने नव्हे, सबंधच गुणाकार असते. हे द ऱ्हाम यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं. पण असं भाग्य फार थोड्या जागांना. बाकीच्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी स्हौटेन आणि व्हान काम्पेन. यान स्हौटेन हा डच गृहस्थ, मुळात विजेच्या शाखेचा इंजिनियर. पहिल्या महायुद्धात टपाल धड चालत नव्हतं. लेवी-चिवितांचा लेख त्याच्यापर्यंत पोचला नाही, आणि त्याने समांतर दिशेची कल्पना स्वतःच्या वाटेने पुन्हा शोधून काढली. छापून आली तेव्हा कळलं की इटलीत ती आधीच आलेली आहे. व्हान काम्पेन त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. दोघांचा लेख १९३० चा, तेव्हा हा पोरगा बावीशीच्या आसपासचा. पुढे तेहेतिसाव्या वर्षी गेलासुद्धा. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. लेवी-चिवितांच्याच नियमाने काठी न्यायची, आणि प्रत्येक पावलावर जेवढी दुसऱ्या हिश्श्यात गळली तेवढी पुसून टाकायची. बस्स. पहिल्या हिश्श्यातलं पहिल्यात राहतं, दुसऱ्यातलं दुसऱ्यात. मोजमापही जपलं जातं.

फक्त पीळ पडतो.

‘टॉर्शन’ला पीळ हा मराठी शब्द मला फार आवडतो. दोरखंडाला असतो तो, मिशीला असतो तो, पोटात पडतो तो. गणितातला पीळ असा: दोन छोटी पावलं टाकायची, आधी हे मग ते, दुसऱ्यांदा आधी ते मग हे, कनेक्शनच्या नियमाने दिशा सांभाळत. दोन्ही वाटांनी एकाच जागी पोचलो तर पीळ नाही. चौकट मिटली नाही, तोंड उघडं राहिलं, तर ती फट म्हणजे पीळ. आणि स्हौटेन-व्हान काम्पेन यांच्या नियमात पहिल्या हिश्श्यातल्या दोन दिशांसाठी ही फट नेमकी किती, तर त्या दोन दिशांच्या ब्रॅकेटचा जेवढा भाग दुसऱ्या हिश्श्यात जातो, तेवढीच. पुढेमागे करून माझ्या मारुतीचं तोंड जेवढं वळून राहतं, तेवढीच. गळती तुम्ही पुसलीत, पण ती गेली नाही. ती पीळ होऊन बसली.

मी इथेच चुकले. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी एका ओळीत, ‘हे उघडच आहे’ अशा थाटात, असं कनेक्शन गृहीत धरलं होतं की जे दोन्ही हिस्से जपतं आणि ज्याला पीळ नाही. त्यावर चाळीस पानं उभी केली. वक्रतेची सूत्रं अशी सुंदर सुटत होती, की मला वाटलं माझंच हस्ताक्षर सुधारलंय. सरांनी कच्चा खर्डा महिनाभर ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा समासात शिसपेन्सिलीने दोनच शब्द होते: पीळ कुठाय? तीन ओळींची सिद्धता आहे ती. पीळ नसेल तर ब्रॅकेट म्हणजे दोन विकलकांची, म्हणजे एका दिशेने चालताना दुसरी किती बदलते त्या दोन मापांची, वजाबाकी. नियम पहिला हिस्सा जपतो म्हणजे दोन्ही पदं पहिल्या हिश्श्यात. म्हणजे ब्रॅकेटही पहिल्याच हिश्श्यात. आणि ब्रॅकेट बाहेर जात नसेल तर, १८७७ च्या फ्रोबेनियसच्या प्रमेयाने, ती सगळी छोटी प्रतलं एकमेकांना शिवून त्यांची पानं होतात, इराण्याच्या खारीसारखे पदर सुटतात. वाटणी जपायची आणि पीळही नको, हे दोन्ही फक्त तिथेच जमतं जिथे दोन्ही हिस्से मुळातच पदरापदरांचे असतात. माझी उदाहरणं तशी नव्हती. चाळीस पानांत मी ज्या जागांबद्दल लिहीत होते, त्या जागा अस्तित्वातच नव्हत्या. सर काही रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला. बशीत कप बुडेल इतका सांडलेला तो चहा मला अजून दिसतो. काय बोलले ते आठवत नाही.

त्यानंतर मी ते काम पुन्हा धरलं नाही. कारणं बरीच सांगता येतील, लग्न, नोकरी, अण्णांचं आजारपण, आणि त्यातलं प्रत्येक खरं आहे. सुंभ जळतो, पीळ जात नाही, असं म्हणतात. माझ्या बाबतीत सुंभ कितपत जळला तेही नक्की नाही. अजूनही टी.वाय.च्या पेपरांचे गठ्ठे तपासता तपासता मागच्या कोऱ्या पानावर मी नकळत दोन बाण काढते आणि त्यांची चौकट मिटते का ते बघते.

एक सूत्र मात्र कधी दुखलं नाही. ओनील यांनी १९६६ मध्ये दिलेलं. वरची जागा दिशांच्या वाटणीसकट, आणि तिची सावली पडावी तशी खालची जागा. उंचीच्या दिशा सावलीत पुसल्या जातात, आडव्या दिशांची लांबी कायम राहते. तर खालची वक्रता म्हणजे वरची वक्रता अधिक ब्रॅकेटच्या उभ्या भागाच्या वर्गाचा पाऊणपट. ही बेरीज हॉप्फच्या १९३१ च्या उदाहरणात लावून बघावी. वर चार मितींतला गोल, वक्रता १. तो वर्तुळांच्या धाग्यांनी विणलेला, दर दोन धागे साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले. खाली आपला साधा चेंडू, पण निम्म्या त्रिज्येचा, वक्रता ४. एकाचे चार झाले. मधले ३ कुठून आले? सगळे ब्रॅकेटमधून. वर राहणाऱ्याला आपली जागा संथ वाटते. खालून बघणाऱ्याला मात्र ती चौपट वाकलेली दिसते, कारण वरच्यांच्या आपसातला गुंता त्याच्याकडे वाकडेपणा बनून उतरतो. मी पहिल्यांदा हे सोडवलं तेव्हा वसतिगृहाच्या गॅलरीत रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी कुणाला तरी उठवून सांगावं म्हणून तीन दारांपर्यंत जाऊन परत आले.

गेल्या महिन्यात गावी जाऊन आले. तात्यांचा मुलगा जमीन विकायची म्हणतोय, माझी सही हवी होती. मोजणी नव्याने झाली, तेव्हा आमचा बांध जुन्या नकाशापेक्षा पुढे सरकलेला निघाला. आमच्या अंगात, अर्थात. साडेचार फूट. तीस वर्षांत. बांध कोरणं म्हणतात त्याला, गावाकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. कुणी रात्रीत येऊन बांध उचलून ठेवत नाही. नांगर बांधाला धरूनच चालतो, आडवा कधीच जात नाही. जाताना तास बांधाला जरा खेटून, वळताना बैल जरा आत, येताना पुन्हा खेटून. प्रत्येक नांगरटीला दोन बोटं. गणिताच्या दृष्टीने ही उपमा टिकणारी नाही, तिथे नुसता लोभ आहे आणि ब्रॅकेट वगैरे काही नाही, हे मला कळतं. तरी मोजणीदार फीत गुंडाळत होता तेव्हा मला हसू आलं, आणि मुलाला वाटलं मी त्याच्यावर हसले. तो तावातावाने म्हणाला, “ताई, आम्ही कधी तुमच्या हद्दीत पाय नाही टाकला.” खरंच बोलत असेल. मी सही केली. परड्यातून निघताना भिंतीच्या त्या वळणापाशी गेले. वृंदावनात तुळस नाही, दगडफूल चढलंय. विहिरीत पाणी होतं, दोन्ही मोटारी मात्र काढून नेलेल्या. तात्यांनी, आता त्यांना धड दिसत नाही, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, अण्णासारखं वळण आहे हिच्या बोलण्याला. साडेचार फुटांबद्दल मला राग यायला हवा होता. तो आला तोवर साताऱ्याचा फाटा मागे पडला होता.

काल पुन्हा तारीख बदलली. रात्री साडेनऊला खाली उतरले तर पोरगा पायरीवरच, या वेळी पुडी नव्हती. गाडी पदपथाला चिकटलेली, पुढे-मागे हातभर जागा. मी त्याच्याकडून त्याचा खेळण्यातला ट्रक मागून घेतला, ज्याची पुढची चाकं वळतात तो. पायरीवर खडूने रेघ मारली. चाकं डावीकडे, ट्रक पुढे, चाकं सरळ, ट्रक मागे. “बघ, जेवढा पुढे तेवढाच मागे. आता तोंड कुठे आहे?” तो पालथा पडून, गाल पायरीला लावून, एक डोळा मिटून रेघेवरून पाहू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “वाकडं झालं.” मग स्वतः करून पाहिलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तो थांबला, ट्रक तसाच रेघेवर सरळ ठेवला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, “काकू, उलटं केलं तर? म्हणजे आधी पुढे, मग चाक?”

“कर की.”

ट्रक सरळ पुढे गेला, चाकं डावीकडे वळली, ट्रक मागे आला, चाकं सरळ झाली. तोंड उजवीकडे वळलं होतं. तो उठून उभा राहिला, गालावर खडू, आणि आधी ट्रककडे, मग माझ्या गाडीकडे, मग पुढच्या हातभर जागेकडे बघत म्हणाला, “म्हणजे बाहेर असं यायचं.”

मी दार उघडून आत बसले. तो गाडीसमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून, वॉचमनकाका करतात तसं, ओरडायला लागला, “येऊ द्या, येऊ द्या, बस! आता चाक!”